स्वतःच्या टॉकची जाहिरात स्वतःच करायची का?

पेठेतला_प्रोग्रॅमर: कॉन्फरन्सचा सीझन आला की लिंक्डइन उघडवत नाही. आयोजकांनी दिलेलं तेच पोस्टर, गोलात फोटो, वर 'थ्रिल्ड टु अनाउन्स', आणि टॉक नक्की कशावर आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. शेड्यूलमध्ये नाव आहे ना, ज्याला गरज तो येईल की. तिकिटाचे पैसे आयोजक घेतात, गर्दी त्यांनी जमवावी, वक्त्याने डेमो चालतोय का ते बघावं.

क्वेरीताई: कीनोटवाल्यांना, म्हणजे मुख्य भाषणवाल्यांना, परवडतं हे. आम्हाला जेवणानंतरचा स्लॉट, वर शेजारच्या हॉलमध्ये त्याच वेळी एआय, मग पोस्टग्रेस डेटाबेसच्या व्हॅक्यूमसाठी, म्हणजे डिलीट झालेल्या डेटाच्या साफसफाईसाठी, कोण उठून येणार? मी पोस्टर टाकतच नाही, प्रश्न टाकते, की टेबलमधल्या निम्म्या रो डिलीट केल्या तरी डिस्कवरची साइज कमी का होत नाही? खाली लोकं भांडायला लागली की सांगायचं, उत्तर शनिवारी अडीचला, हॉल तीन.

पेठेतला_प्रोग्रॅमर: म्हणजे उत्तर अडकवून ठेवायचं! दोन ओळींचं तर आहे: व्हॅक्यूमने ती जागा त्याच टेबलला पुन्हा वापरता येते, ऑपरेटिंग सिस्टीमला सहसा परत जात नाही.

क्वेरीताई: बरं, मग ती परत मिळवायला तुम्ही भर दुपारी प्रॉडक्शनवर, म्हणजे लोकं वापरत असलेल्या सिस्टीमवर, व्हॅक्यूम फुल (अख्खं टेबल नव्याने लिहिणारा प्रकार) माराल, टेबलला लॉक लागेल आणि साधं सिलेक्ट, म्हणजे नुसता डेटा वाचणंही, अडकून बसेल. ते टाळायचं कसं, त्यालाच तर अख्खा टॉक लागतो हो.

बेंचवरचा_बाळू: ताईंचं पटतं, पण सगळीकडे नाही चालत. ब्रुसेल्सच्या फॉसडेमला, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांच्या कॉन्फरन्सला, तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही, खोली भरली की दारावर 'फुल' लागतं, तिथे अजून माणसं बोलावून काय कॉरिडॉरमध्ये उभी करणार? आणि टॉक निवडायला प्रपोजलवर पब्लिक व्होटिंग असेल तर 'व्होट द्या रे' म्हणून ग्रुपवर लिंक फिरवणं म्हणजे सरळ सोसायटीची निवडणूक.

क्वेरीताई: व्होट मागणं वेगळं, टॉक कोणासाठी आहे ते सांगणं वेगळं. मी तर 'बिगिनर असाल तर येऊ नका' असंही लिहिते, त्याने खुर्च्या रिकाम्या राहतात थोड्या, पण प्रश्न चांगले येतात.

पेठेतला_प्रोग्रॅमर: हे लिहिणार असाल तर ठीक. पण कंपनीची मार्केटिंग टीम पोस्ट लिहून देते आणि अख्ख्या टीमला लाइक करायला लावते, त्याचं काय?

बेंचवरचा_बाळू: ते लाइक करणारे टॉकला येतच नाहीत, त्यांना त्या दिवशी रिलीज असतो 😄