सुई टोचली, आणि एचआर म्हणतंय 'रजिस्टरला घेऊ नका'

सिस्टर_नाशिक
खासगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. काल रात्री मेल वॉर्डात चादर बदलताना घडीत सलाइनच्या कॅन्युलाची सुई तशीच पडलेली, ग्लोव्ह्जमधून थेट करंगळीजवळ घुसली. रक्त आलं. साबणाने हात धुतला, आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) सांगितलं. त्या बेडवरचा पेशंट संध्याकाळीच घरी गेलेला आणि सुई त्याचीच का हेही माहीत नाही.

सकाळी एचआरने बोलावलं. म्हणे हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे एनएबीएचवाले येणार आहेत, रजिस्टरला नोंद नको, आपल्या लॅबला टेस्ट फुकट करू. वर एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला, 'माझ्या निष्काळजीपणामुळे' वगैरे. सही केली नाही अजून. पगार 17,500, स्लिपवर ईएसआयसीचे (सरकारी कामगार विम्याचे) 132 कापतात, पण कार्ड कधी पाहिलं नाही. हेपॅटायटिस बीचे दोनच डोस झालेत. भांडू का? नोकरीवर गदा येईल याची भीती वाटते.

गोळीवाला
भांडण नंतर. आधी सिव्हिलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) जा, बंद असेल तर कॅज्युअल्टीला. पीईपी (सुई टोचल्यावर एचआयव्ही लागू नये म्हणूनच्या गोळ्या) 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी, खरं तर पहिल्या दोन तासांतच. फुकट आहे, कोर्स 28 दिवसांचा. द्यायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील.

रिटायर्ड_इनचार्ज
त्या कागदावर सही करू नकोस पोरी. चादरीत सुई सापडते म्हणजे ती पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात टाकायची कोणीतरी टाकली नाही. निष्काळजीपणा असेलच तर तो त्या माणसाचा.

आजच्या तारखेचा बेसलाइन रिपोर्ट घे: एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी), एचसीव्ही (हेपॅटायटिस सी). तोही सिव्हिलला, हॉस्पिटलच्या लॅबला नको. उद्या काही निघालंच तर 'हे तिला आधीपासूनच होतं' असं म्हणायला हे लोक एका पायावर तयार असतात. आजचा निगेटिव्ह रिपोर्ट हेच त्याला उत्तर. सोबत अँटी-एचबीएस टायटर कर, लसीचं संरक्षण किती तयार झालंय ते कळेल. 10 च्या खाली आला तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन) डॉक्टरांना विचार. सगळ्या पोरी एचआयव्हीला घाबरतात, पण लस पूर्ण नसेल तर सुईतून हेपॅटायटिस बी त्याच्यापेक्षा कितीतरी सहज लागतो. आणि ती लस देणं 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे हॉस्पिटलचंच काम आहे. तिसरा डोस का राहिला, हे त्यांना लेखी विचार.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदाही वाचून ठेव. कलम 19 प्रमाणे कामाची जागा सुरक्षित ठेवणं आणि गरज पडल्यास पीईपी देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या हॉस्पिटलला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तुमच्याकडे कोण आहे, विचार बरं. बहुतेक एचआरच एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

युनियनवाला_काका
ताई, 132 कापतात म्हणजे तुम्ही विमाधारक आहात. स्लिपवरचा आयपी नंबर (विमा क्रमांक) घेऊन ईएसआयसीच्या साइटवरून ई-पहचान पत्र काढा. अपघाताची नोंद अ‍ॅक्सिडेंट बुकात आणि त्याचा रिपोर्ट ईएसआयसीला पाठवणं मालकाकडे असतं. ते करत नसतील तर शाखा कार्यालयात स्वतः लेखी द्या.

नुसत्या टोचण्याचे पैसे मिळत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. त्या दुखापतीने तीन दिवस किंवा जास्त काम बंद पडलं तर सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, आणि त्याला हप्ते किती भरले याची अट नाही. पुढे संसर्ग निघाला तर आरोग्यसेवेत लागलेला संसर्ग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, तिथे नोंद कामी येते. पगार मध्येच ईएसआयसीच्या 21,000 च्या मर्यादेवर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत कव्हर राहतं.

सिस्टर_नाशिक
सिव्हिलला जाऊन आले. गोळ्या सुरू झाल्या, मळमळतंय. टायटरचा रिपोर्ट परवा. मेट्रन मॅडम म्हणाल्या, रजिस्टर त्यांच्या केबिनला कुलपात आहे.

रिटायर्ड_इनचार्ज
असू दे कुलपात. घटना, वेळ, बेड नंबर, आरएमओंना किती वाजता सांगितलं, सगळं मेट्रनला ईमेल कर, मेडिकल सुपरिंटेंडेंटला सीसी. पेशंटचं नाव मात्र लिहू नकोस. गोळी जेवणानंतर घे, मळमळ कमी होईल. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे, तारखा आत्ताच मोबाइलवर टाक.