मदत हवी आहे: स्लाइडआउट निम्म्यात अडकलाय, ना आत ना बाहेर

घटप्रभाकाठ
राहायची गाडी घेऊन बेळगाव जिल्ह्यात हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आलोय. स्लाइडआउट, म्हणजे गाडीच्या बाजूनं बाहेर सरकणारी खोली, निम्मा बाहेर आला आणि थांबला. बटण दाबलं की नुसतं घूं घूं करतंय. आभाळ भरलंय, पोरं भुकेली हायत. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा. व्हिडिओ बघून झाले, सगळे अमेरिकेतल्या गाड्यांचे.

उद्यमबागवाला
गाडी कुठली? स्लाइड हायड्रॉलिक की १२ व्होल्टच्या मोटरवर? आयता की करून घेतलेला? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार ओ.

घटप्रभाकाठ
बसच्या चासीवर बॉडी बांधून घेतलीय. मोटर आहे, दात्यांच्या पट्टीवर चालते. बांधणारा फोन उचलत नाही.

रानवाट_पुणे
मुळात आपल्याकडे स्लाइडआउट हवाच कशाला? मी छपरावर तंबू लावतो. पाच मिनिटांत काम, बिघडायला काही नाही.

घटप्रभाकाठ
बरं. आता हा कापून टाकू का?

निपाणकर
फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी तिरकी ठेवून चालवू नका. आतलं अमोनियाचं चक्र उताराच्या भरवशावर फिरतं, तिरकं राहिलं की कूलिंग युनिट कायमचं जातं. कॉम्प्रेसरवाल्याला एवढा त्रास नसतो.

उद्यमबागवाला
फ्रिजचं कुणी विचारलंय? बॅटरी किती दाखवते ते सांगा. बटण दाबलेलं असताना मोजा, नुसतं नको. आणि मोटरच्या टर्मिनलवर.

घटप्रभाकाठ
नुसतं १२.१, बटण दाबलं की १०.४.

उद्यमबागवाला
झालं. मोटरला पोटभर करंट मिळत नाही. इंजिन चालू करा, अल्टरनेटरवर १३.५ च्या वर गेलं की सरकतंय बघा. वायर बारीक वापरली असेल तर तिथंही व्होल्टेज पडतं. आपल्याकडं बॉडीवाले लाइटची वायर मोटरला लावतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

जांबोटीकर
थांबा थांबा. इंजिन लावून जोर काढू नका. आधी गाडी सपाट आहे का बघा. अडकलेल्या खोलीला रेटलं तर दाते तुटतील, मग क्रेन.

घटप्रभाकाठ
दुपारीच चारी जॅक लावलेत. पॅनेलवर गाडी सपाट असल्याचा हिरवा दिवा होता.

जांबोटीकर
दुपारी होता. पाऊस कधी पडला? आणि जॅकखाली काय ठेवलंय?

घटप्रभाकाठ
चारच्या सुमारास सर येऊन गेली. खाली जॅकचीच लोखंडी चकती आहे.

जांबोटीकर
काळी माती काय?

घटप्रभाकाठ
हो. आत्ता टॉर्च मारून बघितलं. मागचा डावा जॅक चकतीसकट आत गेलाय, वरून नुसती कड दिसतेय. त्याच बाजूला स्लाइडचा वरचा कोपरा चौकटीला घासतोय, रबर दुमडलंय.

जांबोटीकर
तेच म्हणतोय. एक कोपरा बसला की चासी पिळते, चौकट तिरपी होते, खोली आडकते. आमच्याकडं कणकुंबीला जांभा खडक, तिथं काही लावायची गरज नाही. काळ्या मातीत मात्र जाड फळी पाहिजेच, फूटभर तरी रुंद.

उद्यमबागवाला
चासी पिळली म्हणून १०.४ झालं काय?

जांबोटीकर
अडकलेली मोटर जास्त करंट खेचते, म्हणून बॅटरी पडते. तुम्हीच सांगा, तुमची लाइन आहे.

उद्यमबागवाला
नुसतं १२.१ म्हणजे आधीच निम्म्याच्या आसपास उतरलेली. दोन्ही आहे, मान्य करा की.

बस_बॉडी_कोल्हापूर
भांडण नंतर. काका, क्रम असा: चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन चालू. स्लाइड आत घ्यायचं बटण, थोडंथोडं, आत कुणी बसायचं नाही. घासणाऱ्या कोपऱ्याला बाहेरून दोघांनी हातानं आधार द्या, बोटं फटीत नकोत. तरीही हललं नाही तर मोटरच्या मागच्या टोकाला षटकोनी शाफ्ट असतो का बघा. मोटरच्या ब्रेकचा खटका सोडून रॅचेट पान्यानं फिरवता येतं. पूर्ण आत गेल्यावरच जॅक वर घ्या, फळ्या घाला. पाणसळ धरून आधी डावं-उजवं, मग पुढचं-मागचं. मागची चाकं जमिनीवरून उचलू नका, हँडब्रेक त्यांच्यावरच असतो.

सीमाभागी
विषय निघालाच आहे तर, गाडी एमएच पासिंग आहे का? कर्नाटकात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ खाली केए नंबर घ्यावा लागतो.

निपाणकर
आणि बॉडीत बदल केला तर कलम ५२. आरसीत नोंद आहे का?

रानवाट_पुणे
म्हणून म्हणतो, तंबू.

घटप्रभाकाठ
आत गेला! इंजिनावर थोडं हलला, मग अडला, कोपरा दाबल्यावर गेला. शेजारच्या मळ्यातल्या मामांनी बैलगाडीच्या जुन्या फळ्या दिल्या. जॅक खाली घेतले, परत काढला, सरळ आला. रबराला एका ठिकाणी चीर गेलीय, ती काय करू?

बस_बॉडी_कोल्हापूर
आज रात्री चिकटपट्टी. घरी गेल्यावर पूर्ण पट्टी बदला, तुकडा जोडू नका, सांध्यातून पाणी शिरतं. सकाळी आत घेताना स्लाइडच्या छपरावरचं पाणी आणि पाला आधी झाडून काढा.

उद्यमबागवाला
आणि मोटरची वायर.

जांबोटीकर
आणि फळ्या परत द्या.

गोकाकहून
स्लाइडचा खर्च किती आला ते सांगाल का? मला मिनीबसवर करायचा आहे.