मदत हवी आहे: मोठ्या वयात ऑटिझमची लक्षणं कशी ओळखायची?

धाकट्या दिरांचं वय 31, नोकरीत चोख. लग्नसमारंभात तासाभरात गच्ची गाठतात. "या हं घरी कधीतरी" म्हटलं की वार आणि वेळ विचारतात. मी त्यांच्यासाठी एक्यू-10 ही ऑटिझमच्या लक्षणांची 10 प्रश्नांची प्रश्नावली भरली, 7 गुण आले. सासूबाई म्हणतात, "लवकर बोलायला लागला, हुशार होता, मग ऑटिझम कसा?" तज्ज्ञांकडे जाताना तयारी काय करू?

प्रतिसाद 1
एक्यू-10 ज्याची त्याने भरायची असते, त्यामुळे तुमचे 7 धरू नका. दिरांना स्वतःला तपासून घ्यायचंय का, हेही आधी विचारा. त्यांनी भरून 6 किंवा जास्त आले, तर 'सविस्तर तपासणी करा' एवढाच अर्थ. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा सामाजिक भीतीतही गुण चढतात, आणि वर्षानुवर्षं लोकांची नक्कल करून सावरून घेणाऱ्याचे कमीही येतात.

डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली, 2013) नुसार संवादाच्या तिन्ही बाबींत अडचण हवी: देवाणघेवाण, हावभाव-नजर, नाती जमवणं-टिकवणं. शिवाय चारपैकी किमान दोन गोष्टी: त्याच त्या हालचाली वा तेच ते बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्याच विषयाचं टोकाचं वेड, आवाज-स्पर्श-वास फार जाणवणं किंवा अजिबात न जाणवणं. उशिरा बोलणं ही अट नाहीच. सुरुवात मात्र लहानपणीच व्हायला हवी.

प्रतिसाद 2
गाडं अडतं ते लहानपणापाशीच. "कसा होता?" विचारलं की आई "गुणी होता" म्हणणार. नेमकं विचारा: खेळण्यातल्या गाड्या पळवायचा की ओळीत लावायचा? शर्टाचं लेबल कापावं लागायचं? कुकरच्या शिट्टीला कान झाकायचा? शाळेचा रस्ता बदलला की रडायचा? प्रगतिपुस्तकातले शेरेही शोधा, 'एकटा असतो' असं बाईंनी लिहिलेलं बरंच काही सांगतं. शक्यतो सासूबाईंनाच सोबत न्या.

फरक करताना डॉक्टर साधारण हे बघतात: सामाजिक भीतीत समोरच्याचा इशारा कळतो, पण लोक काय म्हणतील याची धास्ती असते; ऑटिझममध्ये इशाराच निसटतो. ओसीडीत (मंत्रचळात) तीच कृती नकोशी असून करावी लागते, ऑटिझममध्ये ती बहुधा हवीशी, शांत करणारी असते. दोन्ही एकत्रही असू शकतात, एडीएचडीसुद्धा. आणि प्रौढांची तपासणी करता का, हे फोनवरच विचारून घ्या. अनेक केंद्रं फक्त मुलांसाठी असतात.

प्रतिसाद 3
दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं वेगळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्यासाठीची इसा ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी 40 मुद्द्यांची, प्रत्येकाला 1 ते 5 गुण; एकूण 70 च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. नोकरी करणारा, बोलका माणूस तिथे सहज 70 च्या आत राहू शकतो, निदान असूनही. आरक्षणासारख्या सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. म्हणून निदानाचा लेखी अहवाल आधी घ्या, यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज नंतर बघा.