निपाणीजवळचा हा टाकळा देशीच आहे का? ओळखायला मदत हवी

नमस्कार मंडळी, माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, आता राहायला निपाणीला. खानापूर साईडला पहिले पाऊस पडले की टाकळा वर येतो, कोवळा पाला खुडून कांदा, लसूण, भिजवलेली चणाडाळ आणि वर ओलं खोबरं घालून भाजी करतात, तो पाला इकडच्या बाजारात मिळेना म्हणून मी बांधावर, रस्त्याकडेला शोधायला लागलेय आणि आता जाम कन्फ्युजन झालंय.

रस्त्याकडेला ढिगाने आलंय ते टाकळा नव्हे एवढं नक्की. पानं-खोड लवदार, शेंगा आखूड, सरळ, प्रत्येक बी जवळ खाच पडलेली. ही अमेरिकेतून आलेली सेना युनिफ्लोरा (हे शास्त्रीय नाव), काँग्रेस गवत दाबायला कर्नाटकात हिचं बी मुद्दाम पेरलेलं, आता हीच हटत नाही.

प्रश्न बांधावरच्या झाडाचा आहे. कमरेएवढं वाढलंय, पानाला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, संध्याकाळी मिटतात, पिवळी फुलं पानाच्या बेचक्यात, शेंग पाऊण वीत, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, आणि पान चुरगळलं की तोच उग्र वास. पण सेना ऑब्ट्युसिफोलिया पण असंच दिसतं ना? ते मूळचं अमेरिकेचं, आणि कितीतरी ठिकाणी दोन्ही एकच धरून लिहिलेलं असतं. मला आपला आशियातलाच टाकळा, म्हणजे सेना टोरा, परसात लावून बी धरायचंय. फरक कशावरून करायचा प्लीज सांगा. चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागात कुणी बघितला असेल तर तेही कळवा.

प्रतिसाद:
ताई, फुलांवरून कळणार नाही, पान हातात घेऊन बघा. पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध बारीक नारिंगी ग्रंथी, म्हणजे छोटा उंचवटा, असते. टोरात ती खालच्या दोन जोड्यांत दिसते, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या. शेंगेचा देठ टोराचा आखूड, दुसऱ्याचा चांगला लांब. तरी शंका राहिली तर बी पिकू द्या, बीच्या अंगावर फिकट पट्टा असतो, टोरात दीड-दोन मिमी रुंद, दुसऱ्यात अर्धा मिमी पण नाही. आणि बी टणक असतं, पेरायच्या आधी सँडपेपरवर थोडं घासा नाहीतर उगवायला लई वेळ लावतं. आत्ता ग्रंथीचा आणि शेंगेच्या देठाचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.