मला उचलण्याआधी मला विचारा

बी-2 (तळमजला):
नमस्कार मंडळी. रविवारच्या मीटिंगच्या विषयांत "पावसाळी तयारी" म्हणून टाकीची सफाई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पंप एवढंच दिसलं. त्यात माझा एक विषय घाला: पाणी आलं तर मला व्हीलचेअरसकट वर कसं न्यायचं. मीटिंगमध्ये पाच मिनिटांत हे सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ऑगस्ट 2024 ची ती रात्र कुणीच विसरलेलं नाही. जन्माष्टमी झाली आणि आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी चढतच गेली. लाइट गेले होते. रात्री पाणी पार्किंगमधून माझ्या उंबऱ्याशी आलं तेव्हा चार जण धावत आले, काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून मला उचललं आणि दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्या चौघांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

उचलताना लघवीची पिशवी कशात तरी अडकली आणि नळी ओढली गेली. अंगावर भिजलेला गाऊन, समोर चार पुरुष. थांबा म्हणायलाही मला लाज वाटली. मला कमरेखाली संवेदना नाही. जिन्याच्या कठड्याचा पत्रा घोट्याला लागला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला चादरीवर रक्त दिसलं. त्या घाण पाण्यातली जखम, आणि बाहेर डॉक्टर मिळायची सोय नव्हती.

आणि खुर्ची खालीच राहिली, उशीसकट. चार दिवस मी परक्या खोलीत साध्या कॉटवर एकाच जागी होते. बाथरूमला जायचं तर उचलायला माणसं बोलवायची, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. पाठीखाली बेडसोर झाला, तो भरायला अडीच महिने लागले. पाणी ओसरल्यावर खुर्ची मिळाली ती चिखलाने भरलेली, पुढच्या चाकांची बेअरिंग जाम.

तुम्ही मला वाचवलंत. पण खुर्ची खाली राहिली म्हणजे माझे पाय खाली राहिले. यंदा ती माझ्याबरोबर वर यायला हवी.

ए-301 (सेक्रेटरी):
ताई, वाचून फार वाईट वाटलं. आम्हाला वाटलं माणूस वर पोचला म्हणजे झालं. विषय घेतलाच समजा. एक अडचण आत्ताच सांगतो. पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून मेन स्विच बंद करावा लागतो, कारण लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उतरतं. गेल्या वेळी उशीर झाला आणि मोठा खर्च आला. त्यामुळे ऐन वेळी लिफ्ट मिळेलच असं नाही.

बी-2:
म्हणूनच ऐन वेळेची वाट बघायची नाही, काका. आपली चूक तिथेच होते. पाऊस थांबला की आपण निर्धास्त होतो. पण नदी पावागढाकडून येते, आजवा आणि प्रतापपुरा हे जलाशय भरले की त्यांचं पाणीही त्याच नदीत उतरतं. शहरात ऊन पडलेलं असतं आणि रात्री पाणी दारात येतं. तेव्हा तर पातळी 35 फुटांपुढे गेली होती, धोक्याची पातळी 25 आहे. काळाघोडा पुलाची पातळी दिवसभर बातम्यांत येत असते. ती 20 फुटांवर जाऊन वाढतच असेल, तर मी त्याच दिवशी उजेडात, लिफ्ट चालू असतानाच वर जाईन. पाणी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी खाली येईन. उगाच धावपळ केली असं कुणी म्हणू नका, एवढंच.

ए-104 (काका):
मुली, रागावू नकोस, काळजीपोटी विचारतो. जून ते सप्टेंबर भावाकडे पुण्याला जाऊन राहिलीस तर? आम्हालाही घोर राहणार नाही.

बी-2:
रागावले नाही, काका. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला, त्यानंतर भाऊही हेच म्हणाला होता. पण त्याच्या बाथरूमचं दार 22 इंचांचं आहे आणि माझी खुर्ची 25 इंच रुंद. तिथे माझी प्रत्येक गोष्ट वहिनीवर पडते. इथे ओटा खाली घेतलाय, दारं रुंद केलीत, उतार केलाय. मी स्वतः स्वयंपाक करते. संध्याकाळी आपल्याच सोसायटीतली अकरा मुलं गणिताला येतात. वर्षातले दोन-तीन दिवस धोक्याचे, त्यासाठी चार महिने माझं घर सोडू? ते दोन-तीन दिवस आपण नीट आखू शकतो.

ए-104 (काका):
पटलं. आपण आखूया.

बी-101 (वहिनी):
ताई, दुसऱ्या मजल्यापर्यंत कशाला? आमची पुढची खोली घ्या. एकच जिना. खाटही आहे.

बी-2:
वहिनी, मनापासून आभार. तेवढं बाथरूमचं दार मोजाल का?

बी-101 (वहिनी):
आत्ताच मोजलं. 27 इंच. पण एक इंचाचा उंबरा आहे.

बी-2:
दार पुरेल. उंबऱ्याला लाकडाची उतरती पट्टी करून घेते, सुताराला मीच सांगते.

ए-202:
ताई, आमच्या बाबांचंही यात धरा. पॅरालिसिसनंतर त्यांची बॅटरीवाली खुर्ची आहे, ती 80 किलोच्या वर. जिन्यावरून कुणाच्या बापाला उचलणार नाही. काय करतात अशा वेळी?

बी-2:
दादा, तुमचं घर वर आहे, त्यामुळे बाबांना हलवायची गरज नाही. पण खुर्ची पार्किंगमध्ये चार्ज करता ना, ती पावसाळ्यात घरातच ठेवा. मोटरमध्ये पाणी गेलं की ती गेली. लाइट तीन दिवस नसले तर बॅटरीही नाही, म्हणून एक साधी हाताने ढकलायची खुर्ची घरात असू द्या. त्यांच्या गोळ्यांची यादी झिप पिशवीत.

बी-203:
ताई, मी त्या चौघांतला एक. मला खरंच माहीत नव्हतं. लिफ्ट बंद असेल तर जिन्यावरून कसं न्यायचं, सांगाल का? यंदा चूक नको.

बी-2:
बाळा, तू त्या रात्री छातीपर्यंत पाण्यात होतास, तुझी चूक कसली. ऐक. पाणी नसेल आणि वेळ असेल तर मला खुर्चीतच न्यायचं. वर जाताना पाठ जिन्याकडे. सगळ्यात ताकदवान माणूस मागे, खुर्चीच्या पाठीच्या दोन्ही मुठी धरून. दुसरा पुढे, तोंड माझ्याकडे, त्याने खुर्चीची मुख्य फ्रेम धरायची. हात ठेवायच्या पट्ट्या आणि पाय ठेवायच्या पट्ट्या धरायच्या नाहीत, त्या निघून येतात. खुर्ची मागे कलती ठेवून एकेक पायरी, मोठ्याने मोजत. मला पट्टा बांधलेला असेल, पिशवी मी मांडीवर घेतलेली असेल. पाय पट्टीवर आहेत ना ते दर वळणावर बघायचं, कारण घसरले तर मला कळणार नाही.

पाणी आलेलंच असेल तर जाड चादरीत, चार जणांनी चार कोपरे धरून. खुर्ची पाचव्याने घडी करून लगेच मागून आणायची. पाणी साचलेल्या अंगणातून खुर्ची ढकलायची नाही. उघडी गटारं दिसत नाहीत, पुढची लहान चाकं रुततात आणि मी तोंडावर पडते. शिवाय त्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या, आणि खुर्चीत बसलेलं माणूस पाण्याच्या किती जवळ असतं बघा.

आणि सुरुवात करण्याआधी एकदा विचारायचं, "ताई, तयार?" मी हो म्हटलं की मगच हात लावायचा.

ए-403 (काकू):
चादर धरायला आम्ही बायका येतो. मी, बी-101, बी-304 आणि माझी सून. गाऊनमधलं माणूस पुरुषांनीच का उचलायचं?

बी-2:
काकू 🙏 हे मला मागताच आलं नसतं.

ए-301 (सेक्रेटरी):
आणखी काही सोसायटीने करायचं असेल तर सांगा.

बी-2:
एक पत्र हवंय. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्याच्या कलम 8 प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना द्यायची. माझं, ए-202 च्या बाबांचं आणि बी-303 मध्ये ऑक्सिजनवर असलेल्या आजींचं नाव, मजला आणि गरज लिहून सोसायटीच्या लेटरहेडवर कलेक्टर कचेरीत देऊ. पोच घ्यायची. म्हणजे 1077 या आपत्ती हेल्पलाइनला फोन केला तर "व्हीलचेअर आहे, चार माणसं लागतील" हे पहिल्यापासून समजावत बसायला नको.

ए-301 (सेक्रेटरी):
सोमवारी पत्र तयार करतो. आणि उतारावर पावसात शेवाळ धरतं, तिथे खरखरीत पट्टी लावून घेऊ.

बी-203:
शनिवारी सकाळी 8 ला एकदा करून बघू का? लिफ्ट बंद धरून, जिन्यानेच.

बी-101 (वहिनी):
या. दार उघडं ठेवते.

बी-203:
ताई, मागे मी धरतो. वजन किती धरायचं?

बी-2:
माझं 58, खुर्ची 16. दुसरी उशी आजच वहिनींकडे पाठवते.