दाढ काढल्यावर सुजलेला ओठ

खानापूरच्या ताईंनी विचारलंय, दुधाची दाढ काढल्यावर मुलाचा ओठ सुजून पांढरा झालाय, पू झाला असेल का? ताई, बहुतेक त्यानंच तो चावलाय. इंजेक्शनचा बधिरपणा २-३ तास राहतो, तेवढ्यात मुलं ओठ चघळत बसतात. फार बघवत नाही हो ते! पण चावल्याची जखम भरताना असाच पांढरट थर येतो, आठवडा-दीड आठवड्यात बरी होते. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. गार दहीभात द्या, तिखट नको. आणि बेळगावला दाखवायला जाल तेव्हा स्पेस मेंटेनरचं, म्हणजे गेलेल्या दाढेची जागा राखून ठेवणाऱ्या साधनाचं, नक्की विचारा. दाढ वेळेआधी गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात.