मदत हवी आहे: पाच फुटी चपळ गार्ड समोर आली की आमचा बचाव ढेपाळतो

चौथा_क्वार्टर

मंडळी, नमस्कार.

सांगलीत संध्याकाळी 16 वर्षांखालच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. कॉलेजात खेळायचो, त्या भांडवलावर हा उद्योग चाललाय. प्रश्न अडाणी वाटला तर सांभाळून घ्या.

संघात दोन उंच मुली आहेत. एक पाच फूट दहा, दुसरी इंचभर कमी. उंच संघांशी आम्ही बरोबरीने खेळतो, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू) बहुतेक आमचेच, रिंगखाली कुणाला फुकट काही मिळत नाही. पण समोर एखादी बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी गार्ड (चेंडू घेऊन पुढे येणारी खेळाडू) आली की संपलं. गेल्या रविवारी अशाच एका मुलीने एकटीने 27 पॉइंट केले. आमच्या अख्ख्या संघाचे 41. ती आमच्या सेंटरच्या, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच मुलीच्या, खांद्याला लागते.

केलेले उपाय: आधी आमची सगळ्यात पळणारी मुलगी तिच्यावर लावली. पहिल्या क्वार्टरमध्येच तिचे तीन फाउल झाले, बाकावर बसवावी लागली. मग टू-थ्री झोन लावला, म्हणजे दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकीने आपापली जागा सांभाळायची. त्या बाईसाहेबांनी बाहेरून दोन तीन-पॉइंटर घातले. मग दोघी तिच्या अंगावर सोडल्या, तर तिने शांतपणे पास दिला आणि तिची मैत्रीण रिंगखाली एकटी. कडेला पालक ओरडतायत, "अगं अडव ना तिला!" जसं काही पोरी मुद्दाम वाट देत होत्या.

घरी येऊन एनबीएतली (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) 2020 सालची यूटा विरुद्ध डेन्व्हर ही प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मालिका पुन्हा पाहिली. यूटाकडे उंच सेंटर रूडी गोबेअर, तोवर दोनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. तरी डेन्व्हरच्या जमाल मरेने चौथ्या, पाचव्या, सहाव्या सामन्यात अनुक्रमे 50, 42 आणि 50 केले. उलट बाजूने यूटाच्या डोनोव्हन मिचेलने पहिल्या सामन्यात 57 आणि चौथ्यात 51. असल्या माणसांना जमेना तिथे आमची काय कथा, म्हणून जरा धीर आला. पण उत्तर मिळालं नाही. एवढा उंच माणूस मागे उभा असताना गार्ड इतके पॉइंट करतातच कसे? आणि मी माझ्या पोरींना नेमकं काय सांगू?

फक्त_वाचक

पालकांना एकदा कोर्टवर उतरवा आणि तिला अडवायला सांगा. निम्मा प्रश्न सुटेल.

पिक_अँड_रोल

गोबेअरचं आधी सांगतो. स्क्रीन लागली, म्हणजे सोबत्याने गार्डच्या मागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवली, की तो वर न येता रिंगजवळ मागे थांबायचा. याला ड्रॉप म्हणतात. ले-अप बंद होतो, पण मरेच्या मागे धावणारा खेळाडू स्क्रीनला वळसा घालून येईपर्यंत मरेपुढे मोकळी जागा पडते. ना पुरता बाहेर, ना पुरता आत. तिथून थांबून उडी मारून टाकणं हा मरेच्या हातचा मळ. बरं, गोबेअर वर आला तर मागे डेन्व्हरचा सेंटर योकिच मोकळा, आणि त्याच्यासारखा पास देणारा सेंटर दुसरा नाही. इकडे आड तिकडे विहीर. डेन्व्हरचं दुखणं उलटं होतं. योकिच पायाने मंद, म्हणून यूटा त्यालाच ओढून वर आणायचं आणि मिचेलला त्याच्यासमोर मोकळं मैदान मिळायचं. थोडक्यात, गार्ड एका माणसाला हरवत नाही. दोन बचावपटूंमधल्या "तुझा की माझा" या अर्ध्या सेकंदावर तो जगतो.

गॅरी हॅरिस दुखापतीतून सहाव्या सामन्यात परतल्यावर मिचेलमागे चिकटून धावणारा ताजा माणूस डेन्व्हरला मिळाला. सातवा सामना डेन्व्हरने 80–78 असा काढला. आधी एकेकटे पन्नास-पन्नास करणारे हेच दोघे!

पण एनबीए पाहून तुमचा सेंटर उभा करू नका. तिथे बचाव करणारा, कुणाला जवळून धरलेलं नसेल तर, पेंटमध्ये (रिंगपुढच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांनी खेळतो, त्यात ही अट नाही. तुमची पाच फूट दहावाली आत ठाण मांडून बसू शकते. म्हणूनच मला शंका येते की तुमची गळती दुसरीकडे आहे. त्या मुलीच्या बास्केट स्क्रीनवरून झाल्या का? सोळाखाली एवढ्या स्क्रीन कोण लावतं? सामन्याचं चित्रीकरण असेल तर प्रत्येक बास्केटपुढे लिहून काढा: चेंडू तिच्या हातात आला तेव्हा तुमच्या पाचजणी कुठे होत्या.

नागपाड्याचा

भाऊ, मी मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर वाढलो, तिथे बुटके गार्डच जास्त. तुमच्या त्या तीन फाउलवाल्या पोरीबद्दल बोलतो. ती हाताने बचाव करते, पायाने नाही. गळ्यामागून टॉवेल टाकून दोन्ही टोकं हातात धरायला लावा आणि कोर्टभर नागमोडी सरकवा. समोर ड्रिबल करणारी, हिने नुसतं छातीने वाटेत राहायचं. पंधरा दिवस कंटाळतील, मग फाउल निम्म्यावर येतील. आणि नजर चेंडूवर नको, पोटावर हवी. डोकं, खांदे, चेंडू सगळं फसवतं, पोट फसवत नाही.

दोघी अंगावर सोडायचं मात्र विसरा, बाकीच्या तिघी कुठे सरकणार हे ठरल्याशिवाय. 2022च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीने चौथ्या सामन्यात बोस्टनवर त्यांच्याच कोर्टवर 43 केले. मार्कस स्मार्ट, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू, बोस्टनच्याच संघात होता. पाचव्या सामन्यात करीचे नऊच्या नऊ तीन-पॉइंटर चुकले. तरी बोस्टन 104–94 हरलं, कारण करीच्याच संघातल्या अँड्र्यू विगिन्सने 26 केले. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून येतं.

चौथा_क्वार्टर

पिक_अँड_रोल, तुम्ही म्हणालात म्हणून एका पालकांनी मोबाइलवर काढलेला सामना काल रात्री दोन वाजेपर्यंत थांबवत थांबवत पाहिला. बायकोने एकदा येऊन पाहिलं आणि काही न बोलता दिवा बंद करून गेली.

27 पैकी 5 फ्री थ्रो. उरलेल्या 10 बास्केट. दोन तीन-पॉइंटर, ते झोन लावल्यावर. एक स्क्रीननंतर. एकदा आमची सेंटर तिच्यासमोर बाहेर अडकली आणि ती सरळ बाजूने निघून गेली. राहिलेल्या सहाच्या सहा, आमचा शॉट चुकल्यानंतर! रिबाउंड त्यांना, एक लांब पास, आणि ती आमच्या रिंगकडे एकटी. मागे आमचं कुणी नाही. आमच्या चौघी तिकडे रिबाउंडसाठी रिंगखाली गर्दी करून उभ्या.

ती गर्दी मीच शिकवलेली. "सगळ्या रिबाउंडला जा" हे माझं सगळ्यात मोठ्याने ओरडायचं वाक्य. आमची उंची हीच आमची ताकद समजून मी पोरींना तिकडे कोंबत होतो, आणि ती मुलगी आरामात पळत होती. तिला अडवायला कुणी उभंच नव्हतं तर अडवणार काय!

पिक_अँड_रोल

वाटलंच होतं. मग सोपं आहे. शॉट सुटला की दोघींनी वळून मागे पळायचं, चेंडू आत गेला की नाही हे बघायचंसुद्धा नाही. एक थेट आपल्या रिंगखाली, दुसरी मधल्या वर्तुळाशी. उंच दोघी रिबाउंडला जाऊ देत. पण रिबाउंड गेला की त्यातल्या जवळच्या मुलीने हात वर करून रिबाउंड घेणाऱ्या मुलीसमोर उभं राहायचं, म्हणजे तो लांब पास लगेच सुटत नाही. चेंडू हिसकावायला जायचं नाही, फाउल मिळेल.

त्या गार्डच्या हाती चेंडू पळताना पडला तर ती कुणालाही भारी आहे. थांबून उभी असताना पडला तर तुमच्या टॉवेलवाल्या पोरीला निदान संधी आहे.

चौथा_क्वार्टर

आज सरावात सांगितलं. सेंटर गप्प होती, मग हळूच म्हणाली, "सर, म्हणजे रिबाउंड चुकला तर मला ओरडणार नाही ना?"

एकच शंका उरली. पाचवीचं काय? चौघींचं ठरलं, दोघी रिबाउंडला, दोघी मागे. शॉट मारणारी बहुतेक वेळा आमची पॉइंट गार्डच असते, आणि शॉट मारून ती जागच्या जागी उभी राहून बघत बसते.

नागपाड्याचा

बघत बसणारीला सांगा, शॉट मारल्यावर पहिलं काम त्या बुटकीला शोधायचं. चेंडू तिच्याकडे यायच्या आत तिच्यासमोर उभं राहायचं, बस्स. तुमची सगळ्यात पळणारी मुलगी हीच असेल तर टॉवेल हिच्याच गळ्यात टाका.

चौथा_क्वार्टर

तीच आहे. टॉवेल घरून आणायला सांगितलाय. रविवारी त्याच संघाशी पुन्हा गाठ आहे, सामना झाला की इथेच लिहितो.